‘थोर’ या शब्दाचे १० बाइट

श्रोतेहो, नमस्कार.

विकिपीडियावरचं कुठलंही पान उघडा. वरच्या बाजूला ‘इतिहास पहा’ असं लिहिलेलं असतं. बहुतेकांचं तिकडे लक्ष जात नाही. माझं मात्र आधी तिकडेच जातं, कारण फावल्या वेळात, विनामोबदला तिथे लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे. त्या इतिहासात प्रत्येक बदलापुढे एक आकडा असतो: मजकूर किती बाइटने वाढला किंवा घटला. बाइट म्हणजे संगणकात मजकूर मोजायचं माप. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. थ, त्याची मात्रा आणि र मिळून ९, पुढची मोकळी जागा १. म्हणजे मदर तेरेसांच्या पानावर कुणी ‘समाजसेविका’च्या आधी ‘थोर’ लिहिलं, की अधिक १०. दुसऱ्याने ते काढलं, की उणे १०. तिसरा आला, की पुन्हा अधिक १०.

एवढ्याशा शब्दासाठी माणसं रात्र रात्र का भांडतात, ते आज सांगायचंय. मला ही भांडणं क्षुल्लक वाटत नाहीत. गेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. त्याच्याबद्दल एक ओळ लिहायची, तर ती जपूनच लिहायला हवी. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण परतवायचं नाही, असा नियम आहे. हात थांबले की चर्चापानावर बोलणं सुरू होतं, आणि खरं काम तिथे होतं.

पहिला वाद पहिल्याच ओळीत. बाई कुठल्या? जन्म २६ ऑगस्ट १९१०, गाव स्कोपये. तेव्हा ते ऑटोमन साम्राज्यात होतं, दोन वर्षांनी बाल्कन युद्धात सर्बियाकडे गेलं, पुढे युगोस्लाव्हियात आलं आणि आज उत्तर मॅसिडोनियाची राजधानी आहे. घर अल्बेनियन. १९२९ साली त्या भारतात आल्या, पुढे इथल्या नागरिक झाल्या, इथेच १९९७ साली गेल्या. हा तंटा विश्वकोशापुरता नाही बरं का. २००९ साली अल्बेनियाच्या पंतप्रधानांनी त्यांचे अवशेष मागितले. त्या भारताच्या नागरिक होत्या आणि आपल्याच भूमीत विसावल्या आहेत, असं उत्तर भारत सरकारने दिलं. त्या स्वतः सांगत, रक्ताने मी अल्बेनियन, नागरिकत्वाने भारतीय, श्रद्धेने कॅथलिक नन.

आता गंमत अशी, की यातल्या ‘नन’ शब्दावरही वाद आहे. चर्चच्या काटेकोर परिभाषेत नन म्हणजे मठाच्या भिंतीआड राहून प्रार्थनेला वाहून घेतलेली स्त्री. बाहेर पडून शाळा, दवाखाने चालवते ती सिस्टर, धर्मभगिनी. १९५० साली मान्यता मिळालेला मदर तेरेसांचा मिशनरीज ऑफ चॅरिटी हा संघ तर रस्त्यावरच काम करणारा. मग परिभाषा जाणणारा संपादक ‘नन’ खोडतो, आणि दुसरा विचारतो, ज्यांनी स्वतःला नन म्हटलं त्यांच्या तोंडचा शब्द तुम्ही कसा बदलता? दोघांचंही म्हणणं मला पटतं. व्रतांबद्दलच्या परिच्छेदात फरक नीट समजावून द्यावा आणि पहिल्या ओळीत लोकांच्या तोंडी असलेला शब्द ठेवावा, असं माझं मत आहे.

मराठीत आपली आणखी एक अडचण. ‘ती कोलकात्याला गेली’ लिहिलं तर उर्मट वाटतं, ‘त्या गेल्या’ लिहिलं तर कुणी म्हणतं, तुम्ही आधीच नमस्कार करून बसलात. मला हा आक्षेप मान्य नाही. आदरार्थी बहुवचन ही आपल्या भाषेतली साधी रीत आहे, ते काही प्रशस्तिपत्र नव्हे. ‘करुणेची मूर्ती’ हे मात्र प्रशस्तिपत्र आहे आणि ते विश्वकोशात नको.

सगळ्यात कडवट वाद कोलकात्यातल्या कालीघाटच्या घरावरून होतो. निर्मल हृदय, १९५२ साली सुरू झालेलं, रस्त्यावर मरायला टेकलेल्यांसाठी. १९९४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स तिथे जाऊन आले आणि त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. डॉक्टर अधूनमधून येतात, उपचारांचे निर्णय बऱ्याचदा सिस्टर आणि स्वयंसेवक घेतात, तीव्र वेदना शमवणारी औषधं नाहीत. त्याच लेखात त्यांनी तिथली स्वच्छता, जखमांची निगा आणि माणसांना मिळणारा जिव्हाळा यांचीही नोंद केली. आता काय होतं, की भक्त येतो आणि जिव्हाळ्याचं वाक्य उचलतो, टीकाकार येतो आणि औषधांचं. संदर्भ दोघांचाही खरा, तळटीप दोघांचीही बिनचूक, आणि तरी पान खोटं होतं. मूळ लेख उघडून सलग वाचणारा तिसरा कुणी आला, तरच ते सुधारतं.

म्हणूनच पानाच्या तळाशी ‘टीका’ नावाची वेगळी खोली बांधायला माझा विरोध आहे. वर सगळी आरती आणि खाली सगळे आरोप, असं वाचून माणूस कळत नाही. कालीघाटबद्दलचा आक्षेप कालीघाटच्याच परिच्छेदात यावा.

चमत्कारांचं त्या मानाने सोपं आहे. तिथे क्रियापद सांभाळलं की झालं. पश्चिम बंगालमधल्या एका स्त्रीच्या पोटातली गाठ ‘त्यांच्या कृपेने बरी झाली’ असं लिहायचं नाही. व्हॅटिकनने तो चमत्कार मानला आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते औषधांचं श्रेय सांगितलं, असं लिहायचं. २००३ साली त्यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, आणि २०१६ साली संत घोषित केलं गेलं, ही तर सरळ नोंद आहे.

विरोधी साक्ष नोंदवायला आपले काही संपादक बिचकतात, श्रद्धा दुखावेल म्हणून. त्यांना मी चर्चचंच उदाहरण देते. संतपद देण्याआधी हरकती काढण्यासाठी तिथे शतकानुशतकं एक अधिकारी असे, लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणत. १९८३ साली त्या पदाचं स्वरूप पालटलं. तरीही मदर तेरेसांच्या वेळी त्यांचे कडवे टीकाकार, पत्रकार ख्रिस्तोफर हिचन्स, यांना साक्षीला बोलावलं गेलं आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं.

आता माझीच एक गोष्ट. ‘थोर’ काढण्याबद्दल मला कधी शंका नव्हती. मी अडले ती पुढच्या शब्दावर, ‘समाजसेविका’वर. १९७९ साली नोबेल पुरस्कार घेतल्यावरच्या व्याख्यानात त्या म्हणाल्या होत्या, की लोकांच्या नजरेत आम्ही समाजकार्य करत असू, पण आम्ही खऱ्या समाजसेविका नव्हे. जगाच्या मधोमध राहून ध्यान करणाऱ्या आहोत, असा त्यांचा भाव होता. ते वाचून मी तो शब्द काढला. तासाभरात एका संपादकांनी तो परत ठेवला आणि चर्चापानावर लिहिलं: ‘बाई, आपण स्वतंत्र संदर्भ काय म्हणतात ते लिहितो, माणूस स्वतःला काय म्हणवतो ते नव्हे.’ नियमाने त्यांचंच बरोबर होतं. मी त्यांचा शब्द राहू दिला आणि पुढच्या ओळीत मदर तेरेसांचं ते वाक्य, साल आणि प्रसंगासह, घातलं. ते अजून कुणी काढलेलं नाही.

नमस्कार.