फिनलंड आणि स्वीडन यांची कागद-निर्यात : एक तुलना

फिनलंड आणि स्वीडन यांच्या कागद-निर्यातीची तुलना करायला बसलेला अभ्यासक बहुधा आधी एकूण टनांचा आलेख काढतो आणि तिथेच अडकतो. 2007 च्या सुमारास फिनलंडमध्ये वर्षाला सुमारे 1 कोटी 40 लाख टन कागद व पुठ्ठा तयार होत होता, तर स्वीडनमध्ये 1 कोटी 20 लाखांच्या आसपास. 2020 साली मात्र फिनलंड 82 लाखांपर्यंत खाली आला आणि स्वीडन 90 लाखांच्या वर राहिला. दोन्हीकडचा बहुतेक माल परदेशीच जात असल्यामुळे उत्पादनाच्या या आकड्यांवरून निर्यातीचा कल ताडायला हरकत नाही. पण जंगले सारखी, हवामान सारखे, युरोपीय संघातला प्रवेशही दोघांचा 1995 मधलाच. असे असताना एकाचीच घसरण इतकी तीव्र का व्हावी?

फिनलंडची मोठी गुंतवणूक छपाईच्या कागदात, विशेषतः मासिकांच्या गुळगुळीत कागदात होती. त्या काळी तो हिशेब बरोबरच होता, कारण साध्या वृत्तपत्री कागदापेक्षा अशा कागदाला टनामागे भाव चांगला मिळे. स्वीडनही छपाईचा कागद भरपूर विकत असे. परंतु क्राफ्ट कागद (पिशव्या व वेष्टनांचा मजबूत कागद), खोक्यांचा पुठ्ठा आणि दूध किंवा फळांचा रस भरण्याच्या डब्यांना लागणारा पुठ्ठा यांचा त्याच्या विक्रीतला वाटा मोठा होता. जाहिराती छापील पानांवरून पडद्यावर गेल्या, तेव्हा मासिकांचा कागद पडून राहू लागला. घरपोच खरेदी वाढली, तशी खोक्यांची मागणी मात्र वाढली. 2020 च्या अखेरीस कायपोलाची गिरणी बंद झाली आणि फिनलंडमधले वृत्तपत्री कागदाचे उत्पादन संपले. त्याच वर्षी औलूच्या गिरणीने छपाईचा कागद बंद केला आणि पुढच्या वर्षी ती खोक्यांच्या पुठ्ठ्याकडे वळली. स्वीडनलाही झळ बसली, 2021 मध्ये क्वार्न्सवेडेनची गिरणी गेलीच. फरक इतकाच की त्याचे सारे भांडवल एकाच मालात अडकलेले नव्हते.

दुसरे कारण चलनाचे आहे आणि माझ्या मते त्याची चर्चा पुरेशी होत नाही. फिनलंडने 1999 मध्ये युरो स्वीकारला, स्वीडनने क्रोना सोडला नाही. 2008 च्या मध्यावर एका युरोला सुमारे 9.4 क्रोना मिळत, मार्च 2009 मध्ये 11 हून अधिक. एक टन कागद 600 युरोंना विकला गेला असे मानले, तर स्वीडिश गिरणीच्या हाती 5,640 ऐवजी 6,600 क्रोना आले, आणि तिची मजुरी व स्थानिक लाकूड मात्र क्रोनातच फेडायचे होते. पूर्वी मार्कचे, म्हणजे युरोआधीच्या आपल्या चलनाचे, अवमूल्यन करून हीच सवलत मिळवणाऱ्या फिनलंडला ऐन मंदीत ती वाट बंद झाली होती.

शिवाय, कोणता माल कोणत्या खात्यावर मांडला जातो हेही पाहावे लागते. सीमाशुल्काच्या जागतिक वर्गीकरणात लगदा प्रकरण 47 मध्ये येतो, कागद आणि पुठ्ठा प्रकरण 48 मध्ये. 2017 साली फिनलंडमधल्या अ‍ॅनेकोस्की येथे वर्षाला 13 लाख टन लगद्याची क्षमता असलेला कारखाना सुरू झाला. त्याचा निर्यात होणारा लगदा कागदाच्या आलेखात दिसणारच नाही, त्यामुळे नुसते प्रकरण 48 पाहणाऱ्याला फिनलंडचा वनोद्योग प्रत्यक्षाहून अधिक खचलेला वाटतो. अर्थात लगदा विकून कागदाची भरपाई पुरती होत नाही, कारण कागद करण्यातून मिळणारी वरकड कमाई मग लगदा विकत घेणाऱ्या देशातल्या गिरणीकडे जाते.