कॅमेरा धरायला सगळे तयार, प्लेआऊटला कोण बसणार?

नमस्कार मंडळी. रेडिओवर बसून टीव्हीच्या गप्पा मारायच्या म्हणजे जरा गंमतच आहे, पण आज विषय तोच आहे, लोकांनी लोकांसाठी चालवलेलं टीव्ही चॅनेल, कम्युनिटी अ‍ॅक्सेस म्हणतात तसलं. केबलवर एक चॅनेल राखीव ठेवलेलं असतं, तिथे परिसरातल्या कुणीही यायचं, थोडं ट्रेनिंग घ्यायचं आणि आपला कार्यक्रम करून दाखवायचा. पगारी माणसं असलीच तर दोन-चार, बाकी सगळे व्हॉलंटिअर.

याने मूळ धरलं अमेरिकेत. १९६७ मध्ये सोनीचा पोर्टापॅक आला, एकट्या माणसाला उचलून फिरता येईल असा कॅमेरा आणि रेकॉर्डर, त्याआधी टीव्हीचा कॅमेरा म्हणजे धूडच असायचं. मग १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये अशी चॅनेल सुरू झाली, आणि त्याच साली माहितीपट करणारे जॉर्ज स्टोनी आणि त्यांच्या सहकारी रेड बर्न्स यांनी न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत लोकांना व्हिडिओ शिकवणारं सेंटर काढलं. जर्मनीत लुडविग्सहाफेनला १९८४ मध्ये असंच चॅनेल निघालं. असो, इतिहास एवढा पुरे.

मला बोलायचंय ते रोजच्या कामाबद्दल. नवीन माणूस आला की त्याला कॅमेराच हवा असतो. नाहीतर अँकर व्हायचं असतं. साउंडला बसतो का विचारलं की चेहरा पडतो. आणि खरं सांगू का, असल्या चॅनेलवरचे कार्यक्रम वाईट वाटतात ते चित्रामुळे नाही, आवाजामुळे. पाहुण्याच्या कॉलरला माइक लावलाय, गळ्यातली माळ त्याच्यावर घासतीये, पूर्ण मुलाखतभर खर्र खर्र चाललंय आणि कुणाच्याच लक्षात नाही, कारण कानाला हेडफोन लावून बसलेलं कुणी नाहीच. कंट्रोल रूममधून डायरेक्टर ‘कॅमेरा टू, थोडं क्लोज घे’ म्हणत बसलाय. चित्र हललं तर लोक बघतात हो, आवाज नीट नसला की चॅनेल बदलतात.

दुसरं नावडतं काम प्लेआऊटचं, म्हणजे तयार कार्यक्रम चॅनेलवर सोडण्याचं. लोकांनी आणून दिलेल्या फाइल घ्यायच्या, उघडून बघायच्या, आवाज एकाच बाजूने येतोय का तपासायचं, मग शेड्यूलला लावायच्या. अर्ध्या तासाच्या स्लॉटसाठी कार्यक्रम २८ मिनिटांचा मागितला तर कुणी २१ चा आणतो, कुणी ३४ चा, आणि उरलेल्या वेळात नोटीस बोर्डच्या स्लाइड फिरवाव्या लागतात. हे सगळं स्क्रीनवर दिसत नाही म्हणून कुणी कौतुक करत नाही, पण एवढं काम करणारा माणूस आठवडाभर आला नाही की चॅनेलवर तेच ते रिपीट सुरू होतं.

बरं, उत्साहाचंही एक आहे. पहिल्याच भेटीत लोक म्हणतात, आम्ही दर आठवड्याला करणार. तसा स्लॉट देऊ नका. आधी महिन्याला एक द्या, चार-पाच एपिसोड वेळेवर आले की मग बघू, कारण वीकली शो म्हणजे पाहुणा शोधा, क्रू जमवा, शूट करा, एडिट करा आणि लगेच पुढचा पाहुणा शोधा, नोकरी-घर सांभाळून हे झेपणारे फार थोडे.

सगळ्यात अवघड मात्र वेगळंच असतं. नियम असा की आधी येईल त्याला आधी वेळ. म्हणजे ज्याचं बोलणं ऐकून तुमचं डोकं फिरतं त्यालाही तोच स्टुडिओ, तेवढाच वेळ. जाहिरात नको, दुकानाचे भाव सांगायचे नाहीत, हे ठीक. पण मत पटत नाही म्हणून स्लॉट नाकारला की ते चॅनेल चालवणाऱ्यांच्या मित्रमंडळाचं होऊन बसतं. त्या माणसाच्या शूटला क्रू कोण देणार यावरून व्हॉलंटिअरमध्ये भांडणं होतात, आणि मला वाटतं ती होऊ द्यावीत, फक्त नियम कागदावर लिहिलेला असावा म्हणजे भांडण नियमाशी होतं, माणसाशी नाही.

आता पैसा. अमेरिकेत १९८४ च्या केबल कायद्यानुसार शहराला केबल कंपनीकडून तिच्या उत्पन्नाच्या जास्तीत जास्त ५ टक्के फी घेता येते, आणि बऱ्याच ठिकाणी त्यातला काही भाग असली चॅनेल चालवणाऱ्या सेंटरना मिळतो. पण लोक केबल काढून स्ट्रीमिंगकडे चाललेत, केबलचं उत्पन्न घटलं की फीही घटणार. मग कात्री पहिली लागते ट्रेनिंगला, आणि ट्रेनिंग बंद म्हणजे नवीन माणसं बंद, आहेत तेच राबून राबून कंटाळतात. म्हणून मी म्हणेन कॅमेरे जुने चालवा, वर्ग मात्र चालू ठेवा, आणि पहिल्या दिवशी नवीन माणसाच्या हातात हेडफोन द्या. कॅमेरा नंतर बघू.

चला, वेळ झाली. नमस्कार.