विणलेलं कापड मागाला काय सांगतं

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

येताना घरून एक वस्तू घेऊन आलोय. मागच्या रांगेलाही दिसावी म्हणून उंच धरतो. पुठ्ठ्याची लांबट पट्टी आहे, तिला ओळीने भोकं पाडलेली आहेत. विणकरांच्या पूर्व भागातून आलेल्या मंडळींनी ती ओळखली, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळतंय मला. चादरीच्या मागावरच्या जकार्डची ही पट्टी. माझे वडील आयुष्यभर चादरीच्या मागावर होते. ते गेल्यावर घर आवरताना माळ्यावर अशा पट्ट्यांच्या माळा सापडल्या, दोऱ्यात ओवून नीट बांधून ठेवलेल्या. त्यातली ही एक.

जकार्ड ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. मागावर उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. प्रत्येक वेळी आडवा धागा जाण्याआधी त्यातले काही धागे वर उचलले जातात, बाकीचे खाली राहतात. कुठले उचलायचे ते पट्टी ठरवते. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हूक जागेवर राहतो आणि धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हूक सुटतो, धागा खालीच. मग पुढची पट्टी येते. फ्रान्समधल्या लिओं शहराच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास ही युक्ती मागावर बसवली, आणि आपल्या चादरीवरचा मोर त्याच युक्तीने नाचतो.

आता एकच गोष्ट लक्षात घ्या. मोराची चादर आणि फुलांची चादर, दोन्हींचा ताणा तोच असू शकतो. ताणा गुंडाळलेला बीम तोच, धागे तेवढेच. फरक कुठले धागे कधी उचलले एवढाच.

तुमच्या शरीराचंही तसंच आहे. डोळ्यातल्या पडद्याची पेशी घ्या किंवा यकृतातली घ्या, दोन्हींच्या केंद्रकात डीएनए तोच. आईकडून आलेला एक संच आणि वडिलांकडून आलेला एक, प्रत्येकी सुमारे ३०० कोटी अक्षरं. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटरच्या आसपास भरेल, आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात बसवलेला असतो. प्रथिनं बनवणारी जनुकं, म्हणजे एकेका प्रथिनाची कृती लिहिलेले डीएनएचे तुकडे, त्यात साधारण २० हजार. इन्सुलिनचं जनुक तुमच्या डोळ्यातही आहे, त्वचेतही आहे. पण ते खऱ्या अर्थाने उचललं जातं स्वादुपिंडातल्या मोजक्या पेशींत. बाकी ठिकाणी तो धागा जन्मभर खालीच.

मी इतकी वर्षं शिकवलं. मधुमेहाचा विषय निघाला की विद्यार्थ्यांचे पालक हमखास म्हणायचे, ‘सर, आमच्या जीन्समध्येच आहे ते.’ म्हणजे विषय संपला, असा सूर. मला ते फार लागायचं. जनुक असणं आणि जनुक चालू असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि जनुकापासून प्रथिन बनलं तरी ते प्रथिन कामाला लागलंय की नाही ही तिसरी. ही तिसरी गोष्ट तर आपण शाळेत शिकवतच नाही.

आधी दुसरीकडे जाऊ. पट्ट्यांना भोकं कोण पाडतं? मागाच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. नक्षीवाला ग्राफच्या कागदावर चौकडी रंगवतो, त्याप्रमाणे पट्टी ठोकली जाते. पेशीत असा नक्षीवाला नाही. तिथे विणून झालेलं कापडच मागे जाऊन पट्ट्या बदलतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण आज मला एवढंच सांगायचं आहे. जनुकांवरून प्रथिनं बनतात, आणि त्याच प्रथिनांपैकी काही डीएनएवर जाऊन बसतात आणि पुढे कुठलं जनुक वाचलं जाईल ते ठरवतात.

हे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं ते आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूत. १९४० च्या दशकात पॅरिसमध्ये जॅक मोनो हा संशोधक जिवाणूंना दोन साखरा एकत्र देत होता. ग्लुकोज आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, दिली की जिवाणू आधी ग्लुकोज संपवायचे. मग त्यांची वाढ थोडा वेळ थांबायची, आणि नंतर लॅक्टोजवर पुन्हा सुरू व्हायची. त्या थांबण्यात काय होतं, याचं उत्तर शोधायला वर्षं गेली. १९६१ मध्ये मोनो आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी ते मांडलं, आणि १९६५ मध्ये आंद्रे ल्वॉफ यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं.

उत्तर असं. लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांच्या तोंडाशी एक प्रथिन ठाण मांडून बसलेलं असतं. त्याला रिप्रेसर म्हणतात. ते बसलेलं असेपर्यंत पुढची जनुकं वाचलीच जात नाहीत. लॅक्टोज पेशीत आलं की त्यातल्या थोड्याचं रूप किंचित बदलतं, तो बदललेला रेणू रिप्रेसरला चिकटतो, रिप्रेसरचा आकार जरासा बदलतो आणि त्याची डीएनएवरची पकड सुटते. ग्लुकोज संपल्याचा वेगळा निरोप असतो, तोही पोचला की काम जोरात सुरू होतं. लॅक्टोज संपलं की रिप्रेसर पुन्हा आपल्या जागी. कोणी हुकूम सोडला नाही. खायला काय आहे, हे खाण्यानेच सांगितलं.

आपल्या पेशींत हे पुष्कळ गुंतागुंतीचं आहे. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असेल तर जनुक वाचता येत नाही, सैल झाली तर येतं. जनुक वाचलं की त्याची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. त्या नकलेलाही मध्येच अडवणारे छोटे आरएनए असतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना २०२४ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. त्यात शिरलो तर सभागृह बंद करायची वेळ होईल. मला आज थांबायचंय ते उन्हाळ्यापाशी. सोलापुरात बोलतोय आणि उन्हाबद्दल बोललो नाही, असं कसं चालेल?

इटलीत फेरुच्चो रिटोसा नावाचा संशोधक फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींचा अभ्यास करत होता. त्या पेशींतली गुणसूत्रं इतकी जाड असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, आणि जिथे जनुक जोरात वाचलं जातं तिथे ती फुगतात. एकदा कोणीतरी त्याच्या उबवणपेटीचं तापमान वाढवून ठेवलं. रिटोसाने पाहिलं तर भलत्याच जागा फुगलेल्या! ज्या जनुकांचा कोणाला पत्ता नव्हता, ती थोड्याशा उष्णतेने उघडली होती. १९६२ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं.

ती जनुकं कशासाठी होती ते नंतर कळलं. प्रथिन म्हणजे घड्या घालून आकाराला आलेली लांब साखळी. काम आकारामुळे होतं. उष्णतेने घड्या विस्कटतात, आणि विस्कटलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होतात. अंडं उकडलं की पांढरा भाग घट्ट होतो, तो हाच प्रकार. पेशीत तसं होऊ लागलं तर ती मरेल. म्हणून विस्कटलेल्या प्रथिनाला सावरून पुन्हा घडी घालायला मदत करणारी प्रथिनं पेशीकडे असतात. त्यातलं एक महत्त्वाचं म्हणजे एचएसपी-७०. उष्णता वाढली की त्यांची जनुकं उघडतात.

पण उष्णता वाढली हे पेशीला कळतं कसं? यातली करामत मला आजही थक्क करते. ही जनुकं उघडणारं प्रथिन, एचएसएफ-१, पेशीत आधीपासून तयार असतं. फक्त एचएसपी-७० आणि त्याच्यासारख्या प्रथिनांनी त्याला धरून ठेवलेलं असतं. उष्णता वाढते, प्रथिनं विस्कटू लागतात, तशी ही सावरणारी मंडळी तिकडे धावतात. सगळे हात तिकडे गुंतले की एचएसएफ-१ ला धरायला कोणी उरत नाही. ते मोकळं होतं, तीन-तीनच्या जोडण्या करतं, डीएनएवर जाऊन बसतं आणि सांगतं, आणखी माणसं लावा. नवं एचएसपी-७० बनतं, काम आवरतं, हात रिकामे होतात, आणि रिकामे झालेले हात पुन्हा एचएसएफ-१ ला धरतात. जनुकं मिटतात. पेशीत वेगळा तापमापक नको, वेगळा मुकादम नको. मजूर किती रिकामे आहेत, हेच माप.

मे महिन्यात आपण सावली गाठतो, घाम येतो, माठातलं पाणी पितो. केगाव-मोहोळकडच्या बागेतल्या डाळिंबाच्या पानाला उठून सावलीत बसता येत नाही. म्हणूनच बहुधा वनस्पतींनी ही व्यवस्था फार मोठी केली. माणसात एचएसएफ प्रकारची जनुकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तर अराबिडॉप्सिस या मोहरीच्या नात्यातल्या इवल्याशा रोपात २१ आहेत. दुपारी दोन वाजता रस्ता ओस पडलेला असतो, तेव्हा कुंपणावरच्या प्रत्येक पानात हे धरणं-सोडणं चाललेलं असतं.

आता ती तिसरी गोष्ट, बनलेलं प्रथिन कामाला लागलंय की नाही ही. जनुक उघडून नवं प्रथिन बनायला वेळ लागतो, काही मिनिटांपासून तासांपर्यंत. जेवल्यावर रक्तात चढलेली साखर तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून तयार असलेल्या प्रथिनांवरच काम भागवावं लागतं. स्नायूच्या पेशीत साखर आत घेणारी ग्लूट-४ नावाची प्रथिनं आधीच बनवून आतल्या पिशव्यांत ठेवलेली असतात. इन्सुलिन आलं की पेशीत एका प्रथिनाने दुसऱ्याला फॉस्फेट चिकटवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळी चालते. फॉस्फेट चिकटलं की प्रथिनाचा आकार आणि काम बदलतं, काढून घेतलं की पूर्ववत. त्या साखळीच्या टोकाला त्या पिशव्या पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि काही मिनिटांत साखर आत जाऊ लागते. फॉस्फेटची ही चावी एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५० च्या दशकात शोधली. त्यांना १९९२ मध्ये नोबेल मिळालं.

आणि स्नायू आकुंचन पावले की याच पिशव्या इन्सुलिनशिवायही वर येतात. आपल्याकडची जेवणानंतरची शतपावली आठवा. ‘जीन्समध्येच आहे’ म्हणणाऱ्या त्या पालकांना मी हेच सांगायचो. जनुकातलं एक अक्षरही न बदलता तुमच्या पायांनी चालता चालता प्रथिनांची जागा बदलली. चालून मधुमेह बरा होतो असं मी म्हणत नाही, औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या. पण हात बांधलेले नाहीत.

शेवटी पुन्हा वडिलांच्या माळ्याकडे येतो.

मोराच्या नक्षीची एक पट्टी चुकीची ठोकली गेली, तर प्रत्येक चादरीत त्याच जागी दोष येतो. आपल्या राज्यात नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत अनेक घरांत असा एक दोष आहे. सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं. त्यामुळे लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि ज्या वेदना होतात त्या ज्या आईने मुलाच्या पाहिल्या आहेत तिलाच माहीत.

१९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. असा दोष असलेली बाळं पहिले काही महिने ठणठणीत असतात. कारण पोटात असताना बाळ वेगळं हिमोग्लोबिन वापरतं, त्याचं जनुक वेगळं, गॅमा. जन्मानंतर काही महिन्यांत ते मिटतं आणि बीटा उघडतं, तेव्हा आजार दिसू लागतो. गॅमाचं जनुक मात्र कुठे जात नाही. म्हातारपणीही ते प्रत्येक पेशीत असतं, माळ्यावर बांधून ठेवलेल्या माळेसारखं. त्याला दाबून ठेवणारं मुख्य प्रथिन म्हणजे बीसीएल-११ए, हे २००८ मध्ये कळलं.

मग प्रश्न आला, त्यालाच काढून टाकावं का? तसं करता येत नाही, मेंदूला आणि काही पांढऱ्या पेशींना ते हवं असतं. पण या जनुकाच्या आतच एक छोटा तुकडा सापडला, जो ते फक्त लाल पेशी बनवणाऱ्या पेशींत चालू ठेवतो. रुग्णाच्याच रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी काढून तेवढाच तुकडा तोडायचा आणि पेशी परत द्यायच्या. लाल पेशींत बीसीएल-११ए कमी होतं, गॅमा पुन्हा उचललं जातं. ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस या उपचाराला मान्यता दिली. चुकलेली पट्टी कोणी दुरुस्त केली नाही, जुनी माळ पुन्हा मागावर चढवली.

अमेरिकेत त्याची किंमत वीस लाख डॉलरच्या वर आहे. आपल्या आदिवासी पाड्यावरच्या मुलाला ती परवडायची नाही, हे मला झोपू देत नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संस्थेत स्वस्त देशी उपचारावर काम सुरू आहे. आणि तोवर हायड्रॉक्सियुरिया नावाची साधी गोळी आहे, जुनी आणि स्वस्त. तीही बऱ्याच रुग्णांत बाळपणीचं तेच हिमोग्लोबिन काही प्रमाणात परत वाढवते. ओळखीत कोणाला सिकलसेल असेल, तर ही गोळी आपल्याला लागू पडते का, एवढं सरकारी दवाखान्यात नक्की विचारायला सांगा.

ही पट्टी आता पुढच्या रांगेतून फिरवतो. हातात घेऊन बघा, भोकांवरून बोट फिरवा. फक्त कडा जपा, पुठ्ठा जुना आहे.