मूर्ती आधी आडवी करा : देहुआच्या पांढऱ्या गुआनयिनची पारख

[दृश्य : काळ्या कापडावर पांढरी मूर्ती. कॅमेरा चेहऱ्यावरून हळूहळू खाली येतो. दोन हात मूर्ती आडवी करतात.]

चेहरा देखणा आहे. पण देहुआची पांढऱ्या पोर्सेलिनची, म्हणजे चिनी मातीची, मूर्ती चेहरा पाहून घेऊ नये. चेहरा साच्यातून निघतो आणि साचा कुणालाही करता येतो. पारखायची असते ती आतली पोकळी. म्हणून मूर्ती हातात घेतली की पहिलं काम तिला आडवी करण्याचं. टेबलावर जाड फोम, बोटांतल्या अंगठ्या आणि मनगटावरचं घड्याळ काढलेलं. एक हात पाठीखाली, दुसरा बैठकीला. मूर्तीचं डोकं किंवा मनगट धरून उचलायचं नाही. देहुआच्या मूर्ती जिथे मोडतात, ती हीच दोन ठिकाणं.

[दृश्य : डोंगरउतार, त्यावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली जुनी भट्टी.]

हे चीनच्या फूजियान प्रांतातलं देहुआ. इथला माल डोंगर उतरून छुआनचौ बंदरात जायचा आणि तिथून गलबतांनी जगभर. सोंग आणि युआन काळातल्या (दहावं ते चौदावं शतक) इथल्या भट्ट्यांचे अवशेष २०२१ साली छुआनचौच्या बंदरासोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. गुआनयिन म्हणजे आपल्या कान्हेरीच्या आणि औरंगाबादच्या लेण्यांत भेटणारा अवलोकितेश्वर. चीनमध्ये गेल्यावर काही शतकांत त्याला स्त्रीरूप मिळालं. देहुआच्या कारागिरांनी मिंग राजवटीच्या (१३६८ ते १६४४) उत्तरार्धात हे रूप मातीत इतकं कमावलं, की पुढच्या प्रत्येक पिढीने त्याचीच नक्कल केली. पारख करणाऱ्याचा खरा त्रास तिथूनच सुरू होतो.

[दृश्य : कारखाना. मातीची पोळी साच्यात अंगठ्याने दाबली जाते आहे. जवळून.]

जुनी पद्धत नीट पाहून ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. साचा दोन भागांचा, एक पुढचा, एक पाठीचा. मळलेल्या मातीची पोळी साच्यात ठेवून अंगठ्याने कोपऱ्याकोपऱ्यांत दाबायची. दोन्ही भाग थोडे सुकले, की कडांना ओरखडे काढून पातळ मातीचा लेप लावायचा आणि ते एकमेकांवर बसवायचे. जोड आतून बोटाने किंवा काठीने दाबून घट्ट करायचा, बाहेरून खरवडून गुळगुळीत करायचा. हात, बोटं, गळ्यातली माळ वेगळी घडवून चिकटवायची. मग झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, मग भट्टी, साधारण १२५० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त.

[दृश्य : टॉर्चचा उजेड मूर्तीच्या पोकळीत.]

आता आत बघा. अंगठ्यांचे खळगे दिसतात. मधल्या जोडावर मातीची वळी दाबून सारवली आहे. भिंत एके ठिकाणी पाच मिलिमीटर, तर दोन बोटं सोडून दहा. आतल्या बाजूला झिलई नाही, असलीच तर ओघळलेले चार थेंब. हे सगळं हाताने दाबलेल्या कामाचं लक्षण.

[दृश्य : दुसरी मूर्ती, आतून गुळगुळीत.]

ही दुसरी. भिंत सगळीकडे सारखी, आतला पृष्ठभाग गुळगुळीत, बाहेर जिथे फुगवटा तिथे आत नेमका खोलगा. प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतायची, भिंतीला थर धरला की उरलेली ओतून टाकायची, अशी ही देहुआत विसाव्या शतकात आलेली रीत. अशी मूर्ती कुणी सतराव्या शतकातली म्हणून पुढे केली, तर बोलणं तिथेच थांबवावं. उलट मात्र खरं नाही. दाबून केलेली मूर्ती जुनीच असते असं नाही, कारण ही पद्धत आजही चालू आहे.

[दृश्य : दोन सारख्या मूर्ती शेजारी शेजारी, मागे मोजपट्टी.]

उंची जरूर मोजावी. माती सुकताना आणि भाजताना मिळून साधारण १० ते १५ टक्के आकसते. ३० सेंटीमीटरच्या जुन्या मूर्तीवरून साचा काढला, तर १२ टक्के आकसणाऱ्या मातीत नक्कल निघते सव्वीस-साडेसव्वीस सेंटीमीटरची. शिवाय नकलेत धार जाते. पापणीची रेघ, पदराची चुणी, केसांचे पेड, सगळं बोथट. संग्रहालयाच्या सूचीतल्या मूर्तीशी तंतोतंत जुळणारी, पण सगळ्या मापांत सारख्याच प्रमाणात लहान मूर्ती समोर आली, की आधी हाच संशय घ्यायचा. फक्त मापावर निकाल देऊ नये, कारण जुन्या कारखान्यांतही एकाच मूर्तीचे लहानमोठे साचे असत.

[दृश्य : अंधार. बैठकीच्या कडेमागे टॉर्च, पोर्सेलिनमधून उजेड पाझरतो.]

देहुआच्या मातीत लोह फार कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली, आणि पोटॅशियम भरपूर. भाजताना ती बरीचशी काचेसारखी होते, म्हणून उजेड आरपार येतो. शरीर आणि झिलई इतकी एकजीव होतात, की तुटलेल्या कडेवरही त्यांची सीमा सहज सापडत नाही. मिंग काळाच्या शेवटाकडच्या चांगल्या कामाचा रंग थिजलेल्या साजूक तुपाचा. पाझरणारा उजेडही उबदार, किंचित गुलाबीसर. हवा खेळती ठेवून भाजल्यामुळे ही छटा येते. चीनमधलंच पोर्सेलिनचं दुसरं केंद्र जिंगदेजन, तिथे भट्टीत धूर कोंडून भाजतात, म्हणून तिथला पांढरा निळसर. मिंगनंतरच्या चिंग काळात देहुआचा पांढराही थंड, निळसर-करडा होत गेला. तरी रंगावरून शतक ठरवू नये, रंग हा साक्षीदारांपैकी एक. बल्बचा रंगही फसवतो. खिडकीतल्या दिवसाउजेडात पाहिल्याशिवाय बोलू नये.

[दृश्य : पाठीवरचा चौकोनी शिक्का, भिंगाखाली.]

पाठीवर शिक्का आहे : ह चाओझोंग. मिंग काळाच्या उत्तरार्धातला हा देहुआचा सर्वांत नावाजलेला मूर्तिकार. त्याचं नाव असलेल्या बहुसंख्य मूर्ती मात्र नंतरच्या, कारण हा शिक्का पुढे शतकानुशतकं वापरला गेला. शिक्का असला म्हणून किंमत वाढवू नये आणि नसला म्हणून मूर्ती टाकू नये. दहापट भिंगाने एवढंच बघायचं, की तो ओल्या मातीत उमटला आहे का. तसा असेल तर कडा मऊ, आणि खाचेत झिलई साचलेली. नंतर कोरला असेल तर झिलईची तुटकी, चरचरीत धार दिसते.

[दृश्य : उजवा हात. तर्जनी आणि मधलं बोट नाही. दीर्घ शॉट.]

इथे दोन बोटं नाहीत. तुटलेल्या जागी पोर्सेलिन उघडं आहे, पांढरं, साखरेच्या कणीचं, आणि कडांवर जुनी काळपट धूळ. ही प्रामाणिक मूर्ती. असंच राहू द्यावं. संग्राहकाने घाबरायचं ते दहाही बोटं शाबूत असलेल्या मूर्तीला. तीनशे वर्षांत माळेचे मणी, बोटांची टोकं, कमळाची पाकळी टिकली, तर ती नीट तपासायला हवीत.

[दृश्य : अंधारात जांभळा उजेड, मूर्तीचं मनगट वेगळ्या रंगात चमकतं.]

आता वेगळी मूर्ती, ३६५ नॅनोमीटरच्या अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली. मनगटापासून खाली दुधट पिवळा पट्टा दिसतो आहे. रेझिनची बोटं, त्यांवर रंग, आणि तो रंग जोड लपवायला शाबूत झिलईवरही दोन सेंटीमीटर वर चढवलेला. हे दुरुस्तीचं काम नाही, झाकण्याचं आहे. मात्र दिव्याखाली चमकणार नाही असं सामानही आता बाजारात मिळतं, तेव्हा दिवा गप्प राहिला तरी हात किंवा ओठ लावून पाहावं. पोर्सेलिन ओठाला थंड लागतं, रेझिन कोमट. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन तपासण्याची चाल आहे, पण ती जपून. देहुआच्या काही मूर्तींना भाजल्यानंतर रंग आणि सोनं लावलेलं असे. ते जुनं काम एका फटकाऱ्यात निघून येतं आणि परत लावता येत नाही.

[दृश्य : बैठकीची कड, दोन तडे.]

तडे दोन प्रकारचे. हा रुंद, कडा गोलसर, आत झिलई उतरलेली : भट्टीतला. मातीने ताण सोसला नाही, जोड उकलला. बैठकीला आणि पाठीमागे असे तडे सर्रास असतात, त्याने बिघडत नाही. हा दुसरा बारीक, केसासारखा, कडा तीक्ष्ण, आत मळ : नंतरच्या धक्क्याचा. तो वाढू शकतो.

[दृश्य : भिंगाखाली झिलई.]

खोटं म्हातारपण तीन गोष्टींनी उघडं पडतं. आम्लाने मारलेली झिलई सगळीकडे एकसारखी मलूल असते, अगदी चुण्यांच्या खोलातही. खरी झीज गुडघा, नाक, बैठकीची कड अशा उंचवट्यांवर होते. वाळूकागदाचे ओरखडे एकाच दिशेने जातात. आणि लावलेला मळ कोमट पाण्याने सैल होतो. समुद्रातला माल हा वेगळा विषय. व्हिएतनामजवळ सापडलेल्या, १६९० च्या सुमारास बुडालेल्या वुंग ताऊ जहाजात देहुआचं पांढरं काम बरंच होतं. खाऱ्या पाण्याने त्याची झिलई मंद झालेली आहे. बाजारात शिंपले चिकटवलेल्या मूर्तीही येतात. शिंपल्याच्या मुळाशी सरस शोधावा.

[दृश्य : बाळ घेतलेली गुआनयिन.]

बाळ घेतलेल्या मूर्तीला विक्रेते सरसकट ‘मारिया कान्नोन’ म्हणतात; कान्नोन हे गुआनयिनचं जपानी नाव. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना लपून राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी अशा मूर्ती मरियम म्हणून पूजल्या, हे खरं. त्यांच्याकडून जप्त झालेल्या मूर्ती टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. पण मूर्ती कुणाच्या घरी होती, याचा कागद असल्याशिवाय ते नाव लावता येत नाही.

[दृश्य : काचेचं कपाट, मूर्ती जागेवर ठेवली जाते.]

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन टाटा आणि दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतलं चिनी आणि जपानी काम पाहायला मिळतं. नजर तयार करायची तर तिथे जाऊन उभं राहावं. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने खासगी व्यक्तींना बंदी आहे, आणि लपवलेली दुरुस्ती उघड झाली की किंमत कोसळते. घरी रहदारीच्या थरथरीने मूर्ती काचेच्या फळीवर हळूहळू कडेला सरकते, म्हणून बैठकीखाली मायक्रोक्रिस्टलाइन मेणाच्या चार छोट्या गोळ्या द्याव्यात. जुना सरसाचा जोड पावसाळ्यात सैल होतो, तो जूनच्या आत तपासावा. मूर्तीची नोंद करताना पहिला फोटो पोकळीचा घ्यावा, मग बैठकीचा, मग प्रत्येक तुटक्या जागेचा मोजपट्टीसकट. चेहऱ्याचा फोटो शेवटी.