पैसे हवेत की शिक्षा?

श्रोतेहो, नमस्कार. द्राक्षांचा हंगाम सरला की आपल्या तासगाव-पलूस भागात एक गाऱ्हाणं ऐकू येतं: व्यापारी माल घेऊन गेला, आता फोन उचलत नाही. बागायतदार पोलीस ठाणं गाठतो. तिथं उत्तर मिळतं, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." टोलवाटोलवी वाटते. कधी ती असतेही, पण दर वेळी नाही.

दिवाणी दाव्यात तुम्ही वादी, आणि मागणं एकच: माझे पैसे द्या. फौजदारीत तुम्ही फिर्यादी. तिथं खटला सहसा सरकार चालवतं आणि मागणं असतं शिक्षेचं. व्यापारी आत गेला म्हणून तुमच्या खात्यात आपोआप रुपया जमा होत नाही. हे पक्षकाराच्या गळी उतरवताना वकिलाला घाम फुटतो!

मग फसवणूक केव्हा? माल उचलतानाच बुडवायचं मनात असेल, खोटं नाव-पत्ता दिला असेल, तेव्हा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 नुसार त्याला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण दर पडले, पुढं पैसे अडकले आणि तुमचे थकले, तर ती उधारी. शिवाय फौजदारीत गुन्हा वाजवी शंकेपलीकडे शाबीत व्हावा लागतो. दिवाणीत कोणाची बाजू जास्त संभवते एवढं पाहतात. त्यामुळं आरोपी सुटला तरी तुमचा दावा बुडाला असं नाही.

बांधाचंही तसंच. बांध कोणाचा, हे फौजदार ठरवू शकत नाही. बांधावर डोकं फुटलं तर मात्र ते त्याचंच काम. दोन्ही प्रकरणं एकाच वेळी चालू शकतात.

आता मुदतीचं, कारण घात इथंच होतो. मालाच्या पैशाचा दावा 3 वर्षांत लावावा लागतो: माल दिल्यापासून, किंवा उधारीची तारीख ठरली असेल तर ती उलटल्यापासून. ठाण्यातल्या तक्रारअर्जानं हे घड्याळ थांबत नाही. चेक वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, पुढं पैसे द्यायला 15 दिवस, आणि तेही टळले तर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. वजनाच्या पावत्या, गाडीचा नंबर, मोबाइलवरचे मेसेज जपून ठेवा.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा. महिलांना तिथं उत्पन्नाची अट नाही. बाग सासऱ्यांच्या नावावर आहे की तुमच्या, हेही कोणी विचारणार नाही.