कुठे? ठाणे.

(दृश्य: तलावपाळी, दिवेलागण)

मासुंदा तलावात दिवे उतरले की तलावपाळी गजबजते. कणीसवाल्यांच्या शेगड्या फुलतात, आजोबांचे घोळके कठड्यावर जागा धरतात. पलीकडे दिसतंय ते गडकरी रंगायतन, १९७८ साली उभं राहिलेलं. राम गणेश गडकरी म्हटलं की आपल्याला नाटकं आठवतात. पण याच माणसानं ‘बाळकराम’ या नावानं विनोदी लेख लिहिले. एका कोटीतून दुसरी कोटी काढायची, अतिशयोक्ती ताणत न्यायची आणि वाचणाऱ्याला दम खाऊ द्यायचा नाही. उणंपुरं ३३ वर्षांचं आयुष्य. १९१९ च्या जानेवारीत ते गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पु. ल. देशपांडे जन्मले.

विनोदाची ही परंपरा ठाण्याला दारातच मिळाली आहे. आता इथून चालत दहा मिनिटांवर जाऊ.

(दृश्य: राम मारुती रोडमागची गल्ली, जिना, लोखंडी खुर्च्या)

पहिल्या मजल्यावरचा हा हॉल. मोजून बावीस खुर्च्या, एक माइक आणि एक उंच स्टूल. शुक्रवारी रात्री इथं मराठी ओपन माइक असतो. कुणीही नाव नोंदवायचं आणि पाच मिनिटं बोलायचं. चार मिनिटं झाली की मागे उभा असलेला होस्ट मोबाइलचा टॉर्च दाखवतो. त्याला सगळे ‘लाइट’ म्हणतात. लाइट दिसला की आवरतं घ्यायचं.

माइकसमोर आता जी मुलगी येतेय, तिचं नाव आपण घेणार नाही. फोर्टातल्या तिच्या ऑफिसात यातलं काही माहीत नाही आणि तसंच राहावं अशी तिची इच्छा आहे. राहते कळव्याला. घरात माणसं चार आणि हसण्याच्या तऱ्हाही चार. बाबांकडे पु.लं.च्या कॅसेट. टेपरेकॉर्डर कधीच बंद पडला, पण कॅसेट काही टाकवत नाहीत. आईला टीव्हीवरची प्रहसनं लागतात, जेवणं त्यांच्या वेळेवर ठरतात. धाकटा भाऊ हिंदी स्टँडअप ऐकतो, शिव्यांसकट, इअरफोन लावून. आणि हिला आवडतो तो कमी बोलणारा विनोद. दोन वाक्यं, मग शांतता.

आवड म्हणजे काय, हे मला या घरात कळलं. आपण कुणाशेजारी बसून पहिल्यांदा पोट धरून हसलो, त्यावर ती ठरते. बाबा १९६१ सालच्या ‘बटाट्याच्या चाळी’बद्दल त्यांच्या वडिलांकडून ऐकत आले. एका माणसानं रंगमंचावर अख्खी चाळ उभी केली, हे सांगताना त्यांचा हात आपोआप छातीशी जातो. पाहा.

(दृश्य: बाबा, कॅसेटचा खोका)

(दृश्य: वही, जवळून)

आता ही वही. दोनशे पानी, वरच्या कोपऱ्यात चहाचा डाग. या एका विनोदानं तिची नऊ पानं खाल्ली आहेत. पहिल्या पानावर तो असा आहे:

“मी रोज सीएसएमटीहून कल्याण लोकलच्या लेडीज डब्यात बसून येते, आणि समोर उभ्या असलेल्या बायका मला नेहमी विचारतात की तू कुठे उतरणार आहेस, कारण त्यांना माझी सीट हवी असते.”

कुणी हसलं नाही. समासात तिनं ‘शू’ लिहिलंय. शांतता पडली की ‘शू’, हसले की ‘ह’, टाळी आली तर ‘ह’च्या डोक्यावर टिंब. प्रत्येक शुक्रवारी ती फोनवर रेकॉर्डिंग करते आणि घरी जाताना ऐकत ऐकत या खुणा करते.

तिसऱ्या पानावर ‘कारण त्यांना माझी सीट हवी असते’ यावर काट. लोकलनं जाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाचव्या पानावर ‘तू कुठे उतरणार आहेस’ जाऊन नुसतं ‘कुठे?’ उरलं. गाडीत तसंच विचारतात. पुढे तिनं बघायला आलेल्या मुलाच्या आईचा शेवट जोडला, पण तो अजून पडत होता. शेवटचं वाक्य होतं, “त्यावर त्या म्हणाल्या की मग विंडो सीट माझी आहे.”

इथं मराठीची एक अडचण आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. हसवणारा शब्द आधी येऊन जातो आणि मागून ‘आहे’, ‘होतं’, ‘असते’ येऊन त्यावर बसतात. लोक हसायला तोंड उघडतात तेव्हा बोलणारा अजून बोलतच असतो. इलाज मात्र आपल्याच भाषेत आहे. मराठीत शब्द हलवता येतात, क्रियापद गिळता येतं. बोलताना आपण सगळे ते करतोच, लिहायला बसलो की विसरतो. नवव्या पानावर तो विनोद असा आहे. तिच्याच तोंडून ऐका.

(दृश्य: हॉल, तिचा सेट म्हणजे तिची पाच मिनिटं, मूळ आवाज)

“सहा वर्षं कल्याण लोकलनं येतेय. समोर उभी असलेली प्रत्येक बाई एकच विचारते. ‘कुठे?’ मी म्हणते, ‘ठाणे.’ परवा मला बघायला आले. मुलाच्या आईनं विचारलं, ‘पुढे काय?’ तोंडातून निघून गेलं... ‘ठाणे.’ त्या म्हणाल्या, ‘मग विंडो माझी.’”

(तीन सेकंद हशा. निवेदन नाही.)

तिच्यानंतर घणसोलीचा हा मुलगा. आगरी बोलीत हळदीच्या रात्रीबद्दल बोलतो. ठाणे, भिवंडी, पनवेल या पट्ट्यातली ही बोली यूट्यूबवर आधीच पोचली आहे, तिथं तिला ऐकणारे भरपूर आहेत. माइकवर ती आली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. तो पुढच्या रांगेतल्या काकांना हळदीला कोण कोण येणार म्हणून विचारतो, काका उत्तर देतात आणि पुढची दोन मिनिटं त्या उत्तरावर चालतात. हल्ली याला क्राउड वर्क म्हणतात. तमाशात गण-गौळण झाली की बतावणी व्हायची, तिथं सोंगाड्या समोरच्या पब्लिकला असाच ओढून घ्यायचा. शब्द नवा आला, काम जुनंच आहे.

सगळंच मला आवडलं असं नाही. पुरुषानं साडी नेसली म्हणून आपण किती वर्षं हसणार? आणि बाहेरून आलेला कलाकार ठाण्यात पाय ठेवला की इथल्या मेंटल हॉस्पिटलवर बोलतोच. ठाणेकर सवयीनं हसतो. त्या आवारात कुणाची तरी आई, कुणाचा तरी भाऊ उपचार घेतोय. आमची ही मुलगी तो विनोद करत नाही. विचारलं तर म्हणाली, “तो माझा नाही.” तेवढंच.

(दृश्य: रिकामा हॉल, एकावर एक रचलेल्या खुर्च्या)

मे महिन्यापासून हा हॉल शुक्रवारी मिळत नाही. भाडं वाढलं. मुलं आता जमेल तशी दादर, अंधेरी गाठतात.

(दृश्य: तलावपाळी, रविवार सकाळ. बाबा आणि त्यांचे मित्र कठड्यावर.)

बाबांनी तिचा सेट पहिल्यांदा ऐकला तो आमच्या कॅमेऱ्यावर, हेडफोन लावून. ऐकून झाल्यावर काही बोलले नाहीत. हेडफोन उतरवले, घडी घालून परत दिले.

आज मात्र ते कठड्यावरच्या मित्रांना तोच विनोद सांगतायत. ती मागे उभी आहे, त्यांना दिसलेली नाही.

“...तर मुलाची आई काय म्हणाली, मग विंडो सीट माझी आहे!”

“बाबा,” ती म्हणते, “‘आहे’ नको.”