नरकालाही कायदा असतो

मंडळी, पत्रिकेवर विषय फार भारदस्त छापलाय: ‘अद्भुत साहित्यातील व्हॅम्पायर, सैतान आणि अंधार’. तीन विषय, एक वक्ता आणि पाऊण तास. त्यातली पहिली दहा मिनिटं अध्यक्षांनी माझी ओळख करून देण्यात खर्च केली. माझी तक्रार नाही; इतकं चांगलं माझ्याबद्दल माझ्या घरातही कुणी बोलत नाही. (हशा)

म्हणून आधी मुद्दा सांगून टाकतो, पुढे वेळ संपला तर तुमचं नुकसान नको. कथेतला अंधार किती काळा रंगवलाय यावर त्याची भीती ठरत नाही. तो कोणत्या अटींनी बांधलेला आहे आणि त्याला हटवायला कुणाला काय मोजावं लागतं, यावर ती ठरते. हे मी आता सिद्ध करणार आहे. पण त्याआधी एक जुनं दुखणं काढतो.

मागे एका मासिकाला मी व्हॅम्पायरची कथा पाठवली होती. त्यात तो भर दुपारी बागेतल्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो. कथा साभार परत आली, आणि समासात लाल शाईने शेरा: ‘व्हॅम्पायर उन्हात जळून जातो. लेखकाने मूलभूत अभ्यास करावा.’ मूलभूत! कथा टाकाऊ आहे म्हणाले असते तर मी मुकाट्याने ऐकून घेतलं असतं, तसं आणखीही काही जण म्हणाले आहेत. पण अभ्यास? मी सविस्तर उत्तर लिहिलं. त्याची पोच आजतागायत नाही. तेव्हा ते उत्तर आता तुम्हाला ऐकावं लागणार. (हशा)

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ ची. त्यातला काउंट दिवसाढवळ्या लंडनच्या पिकॅडिलीत उभा राहून एका सुंदर मुलीकडे टक लावून बघतो. पुढे लंडनहून पळ काढताना तो संध्याकाळी पाचच्या सुमारास धक्क्यावर जहाजाची चौकशी करत फिरतो. अंगात सगळे काळे कपडे आणि डोक्याला गवताची हॅट! ती त्याला शोभत नव्हती आणि ऋतूलाही शोभत नव्हती, असं प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग आवर्जून सांगतात. उन्हात काउंटचं एवढंच होतं की त्याची शक्ती मावळते. रूप बदलायचं असेल तर सूर्योदय, माध्यान्ह किंवा सूर्यास्ताची वाट बघावी लागते. म्हणजे दिवसा तो जवळजवळ तुमच्याआमच्यासारखा. मला तर तो त्या हॅटमधेच सगळ्यात भयंकर वाटतो.

त्याच्या आधी, १८७२ साली, शेरिडन ल फान्यूची कार्मिला ही व्हॅम्पायर. ती दुपारपर्यंत लोळत पडते आणि मग खुशाल बाहेर फिरायला निघते. जळणं वगैरे काही नाही, फक्त लवकर उठायचा कंटाळा. (हशा) त्याही आधी, १८१९ मधे, पॉलिडोरीचा लॉर्ड रूथवेन लंडनच्या उच्चभ्रू बैठकी गाजवत होता आणि चंद्रप्रकाशाने पुन्हा जिवंत होत होता.

मग हे जळणं आलं कुठून? १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटातून. दिग्दर्शक मुर्नाऊ. ड्रॅक्युलाचीच कथा, पण परवानगी न घेता नावं बदलून उचललेली. स्टोकरच्या विधवा पत्नीने कोर्टात खेचलं, निर्मिती करणाऱ्या कंपनीचं दिवाळं वाजलं आणि १९२५ मधे सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण तो बघू शकतो. म्हणजे ज्याला मूलभूत अभ्यास म्हणतात, तो एका चोरीच्या मालातून आलेला आहे. (हशा, टाळ्या) आणि आणखी गंमत ऐका. त्यातली रात्रीची बरीच दृश्यं दिवसा चित्रित केली होती आणि रात्र भासावी म्हणून फिल्मला निळा रंग दिला होता. रंग नसलेली प्रत बघितलीत तर उन्हाने मरणारा हा जगातला पहिला व्हॅम्पायर लख्ख उन्हात, काखेत स्वतःची शवपेटी घेऊन गावभर हिंडताना दिसतो.

आता कुणी म्हणेल, लोककथांत तर असेल ना? लोककथांतला व्हॅम्पायर वेगळाच प्राणी आहे. १७२५ साली सर्बियातल्या किसिलेवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला. पाठोपाठ गावात आणखी माणसं दगावली. मेलेला पेटार रात्री येतो, असं गाव म्हणू लागलं. तेव्हा तिथे ऑस्ट्रियाचा अंमल होता. सरकारी अधिकाऱ्याने वर पाठवलेला अहवाल व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापून आला. त्यातली एक नोंद माझी फार लाडकी आहे. पेटारच्या बायकोने सांगितलं की नवरा रात्री घरी आला आणि त्याने आपल्या वहाणा मागितल्या. बस, वहाणा! त्यानंतर ती बाई गाव सोडून निघून गेली. मीही गेलो असतो. कबर उघडली तेव्हा प्रेत कुजलेलं नव्हतं आणि तोंडाशी रक्त होतं. कुजताना शरीरातल्या वायूंच्या दाबाने तोंडाशी रक्ताळ द्रव येतो, हे गावकऱ्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी छातीत टोकदार खुंटा ठोकला आणि प्रेत जाळलं.

बघा, या व्हॅम्पायरला ना किल्ला, ना झगा, ना खानदान. तो घरचाच माणूस आहे आणि त्याची भीती त्या ओळखीतूनच येते. साहित्याने त्याला सरदार केला, दूरचा केला, देखणा केला. कथेला काउंट मिळाला आणि वहाणा मागणारा नवरा हरवला. हा सौदा मला आजही महागात पडलेला वाटतो, पण ते एक स्वतंत्र व्याख्यान होईल, संयोजकांनी विचार करावा. (हशा)

चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे.’ बरं. म्हणजे व्हॅम्पायरला पंचवीस मिनिटं आणि सैतान व अंधार यांना मिळून दहा मिनिटं. सैतानावर अन्याय झाला असं कुणाला वाटत असेल तर क्षमस्व.

तर संपादकमहाशयांवर माझा राग का, ते आता येतं. नोस्फेराटूमधे ऊन नुसतं उगवत नाही. कोंबडा आरवेपर्यंत व्हॅम्पायरला भान राहू नये म्हणून नायिका एलेन त्याला स्वतःचं रक्त पिऊ देते, आणि जीव गमावते. उजेडाची किंमत तिथे चुकती केलेली आहे. ड्रॅक्युला तर उन्हाने मरतच नाही. सूर्य बुडता बुडता एकाचा सुरा गळ्यावर चालतो, दुसऱ्याचा काळजात जातो, आणि त्या झटापटीत जखमी झालेला त्यांच्यातला क्विन्सी मॉरिस मरतो. पुढच्या असंख्य कथांनी ऊन तेवढं घेतलं आणि एलेन वगळली. नायक जातो, पडदा सरकवतो, काउंटची राख होते. उजेड फुकट झाला की अंधारही स्वस्त होतो. माझ्या कथेतला व्हॅम्पायर उन्हात बसला होता तो एवढ्यासाठीच, की पडदा सरकवून सुटका होणार नाही हे वाचकाला कळावं.

आता सैतान, भराभर. व्हॅम्पायर कधीतरी माणूस होता, त्याला भूक असते. सैतान माणूस नव्हताच. त्याला भूक नसते, त्याला तुमची संमती लागते. ग्योथेच्या ‘फाउस्ट’ या नाटकात मेफिस्टोफेलिस हा सैतान पंडित फाउस्टच्या खोलीत अडकतो, कारण उंबऱ्यावरच्या पंचकोनी ताऱ्याचा एक कोन नीट जुळलेला नसतो. त्या फटीतून आत येता आलं, बाहेर पडता येत नाही. खिडकीतून का जात नाहीस, असं फाउस्ट विचारतो. तो म्हणतो, आमच्यात नियम आहे, जिथून शिरलो तिथूनच निघायचं. यावर फाउस्ट घाबरत नाही, खूश होतो! नरकालाही कायदे आहेत तर! मग तुमच्याशी करार करता येईल. माझ्या मते सैतानावरचं सगळं साहित्य या क्षणात आहे. कायद्याने वागणारा शत्रू जास्त धोक्याचा, कारण त्याच्यावर भरवसा ठेवावासा वाटतो. नुसता जाळपोळ करणारा शिंगवाला मला वादळासारखा वाटतो. दार लावून घेतलं की झालं.

‘पाच मिनिटे.’ दिसली चिठ्ठी.

अंधार. इथे कोणी व्यक्तीच नाही, म्हणून लेखक सगळ्यात जास्त इथे घसरतात. ‘प्राचीन अंधार जागा होत आहे’ असं लिहिलं की काम झालं असं त्यांना वाटतं. का जागा होतोय, त्याला काय हवंय, काय चालत नाही, विचारायचं नाही. मिल्टनने ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यातल्या नरकात ‘दिसणारा अंधार’ ठेवला. त्या अंधारात दिसतात फक्त यातना. टोल्कीनची उंगोलियांट ही कोळीण प्रकाश पिते आणि त्यातूनच स्वतःचा अंधार विणते. पुन्हा भूक आली बघा, म्हणजे पुन्हा अट आली. आणि उर्सुला ले ग्विनच्या १९६८ च्या अर्थसी कादंबरीत गेड हा तरुण जादूगार आपल्या मागे लागलेल्या सावलीपासून पळतो, मग उलटून तिच्याच मागे लागतो, आणि समोरासमोर येताच तिला नाव देतो: स्वतःचंच. ज्यांनी वाचलेली नाही त्यांचा शेवट मी आत्ताच फोडला, पण वेळच तसा आहे. (हशा)

वेताळ राहिला, आणि त्याला वगळून मी खाली बसणार नाही. सोमदेवाच्या कथासरित्सागरातला वेताळ प्रेतात शिरून राजाच्या खांद्यावर बसतो. त्याची अट बघा: राजा बोलला तर वेताळ परत झाडावर, आणि उत्तर माहीत असून बोलला नाही तर राजाचं डोकं फुटणार. इतका चोख सापळा मला दुसरा दाखवा! राजाची बुद्धीच त्याला प्रत्येक वेळी पुन्हा स्मशानात पाठवते. शेवटच्या कोड्याचं उत्तर त्याला सापडत नाही, तो गप्प चालत राहतो, आणि तेव्हाच वेताळ प्रसन्न होतो.

यावर पुष्कळ बोलता येईल. पण अध्यक्ष उभे राहिलेत, आणि त्यांच्या हातात चिठ्ठी नाही, हार आहे.